राज्याच्या अर्थसंकल्पातला मुलांचा पैसा कसा शोधायचा आणि कसा मोजायचा

अर्थसंकल्पाच्या दुसऱ्या दिवशी ‘महिला व बालविकासासाठी अमुक हजार कोटी’ असा मथळा दिसला, की तो आधी बाजूला ठेवावा. महाराष्ट्रात २०२४-२५ साठी ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेला ४६,००० कोटींची आणि २०२५-२६ साठी ३६,००० कोटींची तरतूद जाहीर झाली. या विभागाचा एकूण आकडा त्यामुळे एका वर्षात ओळखू येणार नाही इतका फुगला, पण अंगणवाडीतल्या मुलाच्या ताटातला रोजचा खर्चाचा दर तसाच राहिला. योजना चांगली की वाईट, हा वेगळा वाद आहे. मुलांचा हिशेब करणाऱ्याने एवढेच ओळखायचे, की विभागाची बेरीज आणि मुलांवरचा खर्च या दोन भिन्न गोष्टी आहेत. मुलांचा खर्च शोधावा लागतो, मग मुलामागे आणि दिवसामागे मोजावा लागतो.

पुढचा लेख महाराष्ट्रापुरता आहे. ग्रामसभेत प्रश्न विचारणारे पालक, शाळा व्यवस्थापन समितीचे सदस्य, संस्थांचे कार्यकर्ते, स्थानिक वार्ताहर यांनी कागद हातात घेऊन स्वतः करून पाहण्यासाठी तो लिहिला आहे.

आधी एकच सेवा निवडा

‘बालकांसाठी राज्य किती खर्च करते’ हा प्रश्न घेऊन बसलात, तर महिनाभरात हाती काही लागत नाही. एक सेवा घ्या: अंगणवाडीचा पूरक आहार, शालेय पोषण आहार, बालसंगोपनाचे मासिक अनुदान किंवा आश्रमशाळेचा परिपोषण खर्च. ती सेवा कोणत्या वयाच्या मुलांसाठी आहे, वर्षात किती दिवस मिळायची आहे, तिचा दर कोणी ठरवला आणि केंद्र-राज्य वाटा किती आहे, ही चार उत्तरे कोऱ्या कागदावर सर्वांत वर लिहा. ही उत्तरे अर्थसंकल्पात नसतात, शासन निर्णयात असतात. राज्य शासनाच्या संकेतस्थळावर शासन निर्णय शोधताना विभाग आणि तारीख टाकावी. प्रत्येक निर्णयाला लांबलचक संगणक सांकेतांक असतो आणि त्याचे पहिले आठ आकडे म्हणजे वर्ष, महिना, दिवस. कोणी तुम्हाला नुसता सांकेतांक दिला, तरी निर्णय कधीचा आहे ते तिथेच कळते.

एक सवय लावून घ्या. निर्णयाच्या शेवटच्या परिच्छेदांत ‘हा खर्च मागणी क्रमांक … लेखाशीर्ष … याखाली भागविण्यात यावा’ असे वाक्य असते. बहुतेक लोक वाचता वाचता ते ओलांडून जातात. अर्थसंकल्पाच्या जाड पुस्तकात नेमके कुठे पाहायचे, ते त्याच वाक्यात सांगितलेले असते.

लेखाशीर्षाची उकल

देशभर सर्व राज्यांत मुख्य लेखाशीर्षे, म्हणजे खर्चाच्या वर्गवारीचे क्रमांक, सारखीच आहेत. मुलांच्या कामाला लागणारी थोडीच आहेत, ती पाठ करून टाकावीत: २२०२ सामान्य शिक्षण, २२१० वैद्यकीय व सार्वजनिक आरोग्य, २२११ कुटुंब कल्याण, २२३५ सामाजिक सुरक्षा व कल्याण, २२३६ पोषण आहार. २२२५ खाली अनुसूचित जाती, जमाती आणि इतर मागासवर्गीयांच्या कल्याणाचा खर्च येतो. पहिला आकडा २ असला की महसुली खर्च, ४ असला की भांडवली. शाळाखोल्यांचे बांधकाम ४२०२ मध्ये दिसेल, आरोग्य केंद्राची इमारत ४२१० मध्ये. मुख्य शीर्षाखाली उपमुख्य शीर्ष, मग गौण शीर्ष येते. उदाहरणार्थ २२०२-०१ म्हणजे प्राथमिक शिक्षण आणि २२३५-०२-१०२ म्हणजे बालकल्याण. महाराष्ट्रात ओळीच्या शेवटी कंसात योजनेचा आठ आकडी संकेतांक छापतात. त्याचे पहिले चार आकडे मुख्य शीर्षाचेच असतात. शोधताना हाच संकेतांक सर्वांत भरवशाचा, कारण योजनांची नावे बदलत राहतात.

विभाग विधिमंडळाकडे खर्चाच्या मंजुरीसाठी ज्या मागण्या मांडतात, त्यांना विभागवार इंग्रजी अक्षरे आहेत: शालेय शिक्षण ‘ई’, सार्वजनिक आरोग्य ‘आर’, आदिवासी विकास ‘टी’, महिला व बालविकास ‘एक्स’.

नवखा माणूस बहुधा पुढच्या टप्प्यावर चुकतो. एकच योजना अर्थसंकल्पात एका ओळीत सापडत नाही. केंद्राचा हिस्सा एका संकेतांकाखाली असतो, राज्याचा दुसऱ्या. शिवाय सर्वसाधारण, अनुसूचित जाती घटक आणि आदिवासी घटक असे तीन भाग पडतात. दोन गुणिले तीन म्हणजे सहा ओळी झाल्या. एक ओळ पाहून ‘निधी निम्मा केला’ असे पत्रक काढणाऱ्यांची दुसऱ्याच दिवशी फजिती होते, कारण उरलेला निधी शेजारच्या ओळीत असतो. सहाही ओळी सापडल्याखेरीज बेरीज करू नका.

काही खर्च तर दुसऱ्याच विभागाच्या घरात असतो. २०१५ मध्ये सुरू झालेली डॉ. ए.पी.जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना हे त्याचे चांगले उदाहरण. आदिवासी भागातल्या गरोदर व स्तनदा मातांना एक वेळचा चौरस आहार आणि लहान मुलांना अंडी किंवा केळी द्यायचे काम अंगणवाडी करते, पैसा मात्र आदिवासी विकास विभागाचा. महिला व बालविकासाच्या पुस्तकात ही योजना शोधत बसलात तर ती सापडायची नाही. आश्रमशाळा, वसतिगृहे, शाळेतले पाणी आणि शौचालये यांचीही तीच गत.

केंद्राच्या अर्थसंकल्पात बालकांसाठीच्या तरतुदींचे वेगळे विवरणपत्र असते, सध्या त्याचा क्रमांक १२ आहे. असे तयार विवरणपत्र मिळाले तर जरूर वापरा, पण डोळे मिटून नको. त्यातल्या कोणत्या योजना संपूर्ण मुलांच्या आणि कोणत्या अंशतः, हे तपासा. माता-बालकांच्या एकत्र योजनेची पूर्ण रक्कम ‘बालकांसाठी’ म्हणून धरलेली असेल, तर तुमच्या तक्त्यात तसे स्पष्ट लिहा. अंशतः धरायची असेल तर लाभार्थींच्या प्रमाणात धरा आणि तेच प्रमाण दरवर्षी ठेवा.

चार रकाने, आणि त्यांतली हातचलाखी

योजनेच्या ओळीसमोर चार आकडे असतात: दोन वर्षांपूर्वीचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा अर्थसंकल्पीय अंदाज, चालू वर्षाचा सुधारित अंदाज आणि येत्या वर्षाचा अर्थसंकल्पीय अंदाज. रकमा बहुधा हजार रुपयांत छापलेल्या असतात. पानाच्या माथ्यावर एकक पाहिल्याशिवाय कोटीत रूपांतर करू नका, एक शून्य इकडे-तिकडे झाले की सगळे मुसळ केरात.

समजा, एका योजनेला चालू वर्षी १०० कोटी ठेवले होते. सुधारित अंदाजात ते ७० झाले आणि पुढच्या वर्षासाठी ८५ ठेवले. भाषणात ‘२१ टक्के वाढ’ म्हणता येते, ७० वरून ८५. मूळ अंदाजाशी तुलना केली तर हीच १५ टक्के घट. गणित दोन्ही बरोबर आहे. म्हणून नियम असा: अंदाजाची तुलना अंदाजाशी करा, प्रत्यक्षाची प्रत्यक्षाशी, आणि किमान पाच वर्षांचे आकडे एका रांगेत मांडा. अंदाज आणि प्रत्यक्ष यांत दरवर्षी तीस टक्क्यांची दरी दिसत असेल, तर यंदाच्या अंदाजावरही तेवढीच कात्री धरून चाला.

पुरवणी मागण्या विसरू नका. त्या साधारणपणे प्रत्येक अधिवेशनात येतात आणि मूळ पुस्तकात दिसत नाहीत. कधी मार्चमध्ये नव्या योजनेला जेमतेम हजार रुपयांची नाममात्र तरतूद असते आणि खरी रक्कम पावसाळी किंवा हिवाळी अधिवेशनात मागून येते. त्यामुळे नुसती मार्चची तरतूद पाहून ‘योजना गुंडाळली’ म्हणणे घाईचे. निवडणुकीच्या वर्षी आणखी घोळ असतो. २०२४ मध्ये फेब्रुवारीत अंतरिम आणि जूनमध्ये अतिरिक्त अर्थसंकल्प आला. त्या वर्षासाठी जूनचीच कागदपत्रे घ्यावीत.

शेवटचा टप्पा खर्चाच्या प्रकाराचा. उद्दिष्ट शीर्षे पाहा: ०१ वेतन, २१ सामग्री व पुरवठा, ३१ सहायक अनुदाने वेतनेतर, ३६ सहायक अनुदाने वेतन. शिक्षणाच्या तरतुदीत वाढ दिसली की ती ०१ आणि ३६ मध्ये आहे की ३१ मध्ये, हे आधी बघा. महागाई भत्ता वाढला तरी २२०२ चा आकडा वाढतो, पण शाळेच्या वीजबिलाला त्यातला एक रुपयाही जात नाही. वेतनावरचा खर्च वाया जातो असे मात्र कोणी समजू नये. शिक्षकाशिवाय शाळा नाही. मात्र पदे रिकामी असल्यामुळे वेतनाचा निधी उरला, तर ती बचत नव्हे, मुलांना न मिळालेली शिकवणी आहे.

दर × मुले × दिवस

सगळ्या कामाचा गाभा हा गुणाकार आहे, इथे वेळ घालवा.

अंगणवाडीच्या पूरक आहाराचे दर २०१७ मध्ये ठरले: सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलामागे दिवसाला ८ रुपये, तीव्र कुपोषित मुलामागे १२ रुपये, गरोदर व स्तनदा मातेमागे ९.५० रुपये. वर्षात ३०० दिवस. त्यात मुलाला ५०० किलोकॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिने, तीव्र कुपोषिताला ८०० किलोकॅलरी आणि २० ते २५ ग्रॅम प्रथिने मिळावीत असा निकष आहे. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, २०१३ मुळे राज्य यासाठी बांधील आहे, त्यामुळे ही खैरात नव्हे. आहाराचा खर्च महाराष्ट्रात केंद्र आणि राज्य निम्मा-निम्मा उचलतात. काम सुरू करण्यापूर्वी दर बदलला आहे का, ते ताज्या शासन निर्णयात पाहून घ्या.

आता एक प्रकल्प, म्हणजे अनेक अंगणवाड्यांचे मिळून एक कार्यक्षेत्र, धरा. त्यात ८,००० मुले आहेत, त्यांपैकी २५० तीव्र कुपोषित, शिवाय १,६०० माता.

सर्व मुलांचा मूळ दर: ८,००० × ८ × ३०० = १ कोटी ९२ लाख.
तीव्र कुपोषितांचा वरचा ४ रुपयांचा फरक: २५० × ४ × ३०० = ३ लाख.
माता: १,६०० × ९.५० × ३०० = ४५ लाख ६० हजार.
एकूण २ कोटी ४० लाख ६० हजार.

प्रकल्पाला वर्षभरात १ कोटी ८० लाख मिळाले, तर ‘७५ टक्के निधी वितरित’ असा अहवाल जातो आणि तो वाचायला बराही वाटतो. तेच दिवसांत मांडा: ३०० पैकी सुमारे २२५ दिवसांचा आहार, म्हणजे महिन्याला २५ दिवस या हिशेबाने तीन महिने ताट रिकामे. सभागृहात, ग्रामसभेत, बातमीत ‘तीन महिने’ हाच आकडा पोचतो. टक्केवारी कोणाला टोचत नाही.

मात्र लगेच उलटतपासणी करा. पैसा कमी आला म्हणजे आहार तेवढाच कमी मिळाला असे नसते. कधी बचत गट उधारीवर शिजवून देतो आणि बिल पुढच्या वर्षी निघते. कधी मागच्या वर्षीची थकबाकी यंदाच्या निधीतून भागते, मग यंदाचा खर्च फुगलेला दिसतो. म्हणून दोन-चार अंगणवाड्यांच्या आहार वाटपाच्या नोंदवहीतून प्रत्यक्ष दिवस मोजावेत आणि बचत गटांची देयके कुठल्या महिन्यापर्यंत मिळाली, हे विचारावे. मुलांची संख्या तर सर्वांत निसरडी: सर्वेक्षणातली मुले, नोंदवलेली मुले आणि हजर मुले हे तीन आकडे कधीच जुळत नाहीत. मागणी नोंदणीवर जाते, खर्च हजेरीवर व्हायला हवा. तक्त्यात तिन्ही आकडे लिहा.

दुसरा गुणाकार महागाईचा. वर्षाला सरासरी ५ टक्के महागाई धरली, तरी २०१७ चे ८ रुपये आठ वर्षांनी ११ रुपये ८२ पैसे व्हायला हवेत. दर हलला नाही, तर सरकारने काहीही ‘कपात’ न करता ताट सुमारे एक तृतीयांशाने लहान झाले. अर्थसंकल्पात ही कपात कुठेच दिसत नाही, उलट मुले वाढली तर एकूण तरतूद वाढलेलीच दिसते. हिशेब फक्त एकूण रकमेवर ठेवणाऱ्यांचा घात इथेच होतो.

शालेय पोषण आहाराशी तुलना करून पाहा. पहिली ते पाचवीच्या मुलामागे सामग्रीचा दर ऑक्टोबर २०२२ पासून ५.४५ रुपये होता. १ डिसेंबर २०२४ पासून तो ६.१९ आणि १ मे २०२५ पासून ६.७८ रुपये झाला. सहावी ते आठवीसाठी ८.१७, ९.२९ आणि १०.१७. यातले ६० टक्के केंद्राचे, ४० टक्के राज्याचे, म्हणजे ६.७८ मध्ये राज्याचे २.७१. धान्य वेगळे मिळते: प्राथमिकला दिवसाला १०० ग्रॅम, उच्च प्राथमिकला १५० ग्रॅम. शंभर मुले रोज जेवणाऱ्या प्राथमिक शाळेला दिवसाला ६७८ रुपये आणि १० किलो तांदूळ. २०० शाळेच्या दिवसांचे १ लाख ३५ हजार ६०० रुपये आणि २० क्विंटल तांदूळ. हे आकडे शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत फळ्यावर लिहा, मुख्याध्यापकांच्या नोंदवहीशी लावून पाहा. डाळ-तेल पुरवठादार देतो आणि इंधन-भाजीपाल्याचे पैसे शाळेच्या खात्यात येतात अशी जिथे पद्धत आहे, तिथे दोन्ही बाजू वेगळ्या तपासायच्या. इंधन-भाजीपाल्याचे पैसे अडले की मुख्याध्यापक खिशातून भागवतात आणि मग भाजीच्या जागी नुसती हळद-मिरचीची आमटी येते. कागदावर मात्र आहार ‘दिला’ असतो.

पैसा कुठे अडतो

विधिमंडळाने मंजूर केलेला पैसा आपोआप खाली वाहत नाही. वित्त विभाग टप्प्याटप्प्याने, बीम्स या निधी वितरणाच्या संगणक प्रणालीवरून, ठराविक टक्के निधी खुला करतो. प्रशासकीय विभाग आयुक्तालयाला, आयुक्तालय जिल्ह्याला, जिल्हा प्रकल्पाला देतो आणि शेवटी कोषागारात देयक सादर होते. केंद्र पुरस्कृत योजनेत मागच्या हप्त्याची उपयोगिता प्रमाणपत्रे गेल्याशिवाय केंद्राचा पुढचा हप्ता सुटत नाही. केंद्राचा आला तरी राज्याचा हिस्सा सोबत टाकावा लागतो. एका जिल्ह्याने प्रमाणपत्र द्यायला उशीर केला की सगळ्या राज्याचा हप्ता थांबू शकतो.

म्हणून ‘किती’ इतकाच ‘कधी’ हा प्रश्न महत्त्वाचा. तिमाहीवार वितरण काढा. वर्षाच्या खर्चाचा मोठा भाग एकट्या मार्चमध्ये पडलेला दिसला तर समजावे, की वर्षभर मुलांना न पोचलेला निधी व्यपगत होऊ नये म्हणून शेवटी कुठेतरी बसवला आहे. मार्चअखेरीस खरेदी केलेली खेळणी, वजनकाटे, पुस्तके अनेकदा त्यामुळेच कपाटात पडून असतात. आहाराच्या बाबतीत तर गेलेला महिना परत येत नाही. ऑगस्टमध्ये उपाशी राहिलेल्या दोन वर्षांच्या मुलाला मार्चमध्ये दुप्पट खिचडी देऊन काय उपयोग?

बीम्सवरचे तरतूद-वितरण-खर्च अहवाल पाहायचा प्रयत्न करा. वर्ष संपल्यावर नियंत्रक व महालेखापरीक्षकांचे विनियोजन लेखे येतात. त्यांत कोणत्या मागणीत किती रक्कम अखर्चित राहिली, किती समर्पित (म्हणजे परत) केली, किती दुसरीकडे पुनर्विनियोजित झाली आणि विभागाने काय कारण दिले, हे सापडते. ‘पदे रिक्त असल्याने’, ‘केंद्राकडून निधी अप्राप्त’, ‘कारणे कळविली नाहीत’ ही तीन कारणे वारंवार भेटतील. तिसरे सर्वांत बोलके.

अर्थसंकल्पाबाहेरचे निर्णय

काही धोरणांचा परिणाम मुलांवर मोठा होतो आणि अर्थसंकल्पात त्याची एखादी ओळही नसते. शिक्षण हक्क कायद्यातल्या २५ टक्के प्रवेशांचेच पाहा. खासगी शाळांना द्यायची प्रतिपूर्ती वर्षानुवर्षे थकली. ९ फेब्रुवारी २०२४ च्या अधिसूचनेने, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी विनाअनुदानित शाळांना या प्रवेशांतून सूट दिली. १९ जुलै २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ती तरतूद रद्द केली. मधल्या काळात प्रवेशांचे वेळापत्रक कोलमडले. थकबाकी हा पैशांचा प्रश्न होता, त्यावर काढलेला उपाय नियमाचा होता.

अंड्याची गोष्टही अशीच. नोव्हेंबर २०२३ मध्ये शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडे, न खाणाऱ्यांना केळे, असा निर्णय झाला आणि अंड्यामागे ५ रुपये धरले. जानेवारी २०२५ मध्ये अंडी आणि साखरेसाठी वेगळा निधी मिळणार नाही, हवे तर लोकसहभागातून द्यावे, असे ठरले. योजना चालूच राहिली. तरतुदीची ओळही राहिली. पदार्थ गेला. म्हणून योजनेचे शासन निर्णय दर तीन महिन्यांनी नव्याने तपासायला हवेत.

उलट बाजूला, काही योजनांचे खरे ओझे पुढे ढकललेले असते. ‘लेक लाडकी’ योजनेत १ एप्रिल २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या, पिवळ्या-केशरी शिधापत्रिकाधारक कुटुंबांतल्या मुलींना जन्मावेळी ५,०००, पहिलीत ६,०००, सहावीत ७,०००, अकरावीत ८,००० आणि १८ वर्षे पूर्ण झाल्यावर ७५,००० असे एकूण १ लाख १ हजार रुपये मिळायचे आहेत. सुरुवातीची वर्षे फक्त पहिला हप्ता. २०२९ च्या सुमारास दुसरा सुरू होईल आणि २०४१ पासून सर्वांत मोठा. अशा योजनेची पहिल्या वर्षाची तरतूद पाहून मत बनवू नये. वर्षवार अपेक्षित मुलींच्या संख्येने गुणून वीस वर्षांचा तक्ता मांडावा.

परिणाम मोजताना जपून

पैसा आणि मुलांची स्थिती यांची सरळ रेघ जोडायचा मोह आवरा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात पाच वर्षांखालील खुजी मुले २०१५-१६ मध्ये ३४.४ टक्के होती, २०१९-२० मध्ये ३५.२. कृश मुले दोन्ही वेळा २५.६ टक्के. त्याच काळात रक्तक्षय असलेली मुले ५३.८ वरून ६८.९ टक्क्यांवर गेली. या काळात योजना काही थांबल्या नव्हत्या.

आधीच्या दशकाचे चित्र वेगळे होते. राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन २००५ मध्ये सुरू झाले. दोन वर्षांखालील खुज्या मुलांचे प्रमाण २००५-०६ मधल्या ३९ टक्क्यांवरून २०१२ च्या राज्य सर्वेक्षणात सुमारे २३ टक्क्यांवर आले. मिशनचा रोख होता पहिल्या हजार दिवसांवर, रिकामी पदे भरण्यावर आणि आरोग्य व बालविकास विभागांना एका टेबलावर बसवण्यावर. यातली बरीचशी कामे मोठ्या रकमेची नाहीत. फक्त हे २३ टक्के आणि वरचे ३५.२ टक्के शेजारी ठेवून ‘परिस्थिती बिघडली’ म्हणू नका. एक आकडा दोन वर्षांखालच्या मुलांचा आहे, दुसरा पाच वर्षांखालच्या. ही चूक भल्याभल्यांच्या भाषणात सापडते.

अंगणवाडीच्या मासिक अहवालातली तीव्र कुपोषित मुले अचानक वाढली, तर घाबरण्याआधी मोजमाप बदलले का ते विचारा. नवे वजनकाटे आले, उंचीही मोजायला लागले किंवा दंडघेराची पट्टी (११.५ सेंमीखाली तीव्र) नीट लावली, की लपलेली मुले दिसू लागतात. चांगले काम करणारा प्रकल्प काही महिने वाईट दिसतो. संशय घ्यायचा तो शून्य कुपोषित दाखवणाऱ्या प्रकल्पाचा.

गावाच्या आणि जिल्ह्याच्या हातातला पैसा

मंत्रालयातला आकडा बदलणे कठीण. खालचा बदलता येतो, म्हणून इथे थोडे थांबू.

ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाच्या १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. जिल्हा परिषदेलाही स्वनिधीच्या १० टक्क्यांची तीच अट आहे. घरपट्टी, पाणीपट्टी, भाडे मिळून गावाचे उत्पन्न ६ लाख असेल, तर ६० हजार. हे नमुना १ मध्ये म्हणजे अंदाजपत्रकात मांडलेले दिसेल. खर्च झाला की नाही, ते नमुना ५ च्या रोकडवहीत दिसते. दोन्ही प्रती मागा. नेहमीचा घोळ असा, की अंदाजपत्रक अपेक्षित वसुलीवर बांधतात, वसुली निम्मी होते आणि सर्वांत आधी याच १० टक्क्यांवर गदा येते. मागच्या वर्षीचा अखर्चित भाग यंदाच्या रकमेत मिळवून मागायला विसरू नका. दुसरा घोळ: सगळी रक्कम शिलाई यंत्रे आणि साहित्य वाटपात जाते, बालकांच्या वाट्याला अंगणवाडीची रंगरंगोटी. गॅस जोडणी, धान्याची पत्र्याची पेटी, वजनकाट्याची दुरुस्ती, पाण्याची टाकी यांवर याच पैशातून खर्च करता येतो.

पंधराव्या वित्त आयोगाच्या (२०२१-२६) अनुदानात ६० टक्के भाग पाणी व स्वच्छतेसाठी बंधित होता. अंगणवाडीला नळ आणि मुलांच्या उंचीचे शौचालय त्यातच बसवता येत होते. नव्या आयोगाच्या अटी वेगळ्या असू शकतात, ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडून (पूर्वीचे ग्रामसेवक) आदेश वाचून घ्या. पेसा (आदिवासी भागासाठीचा पंचायत कायदा) क्षेत्रातल्या ग्रामपंचायतींना आदिवासी घटक कार्यक्रमाचा ५ टक्के अबंध निधी थेट मिळतो. तिथल्या ग्रामसभेचे मत सर्वांत वजनदार.

जिल्हा पातळीवर जिल्हा वार्षिक योजना पाहा. पालकमंत्री अध्यक्ष, जिल्हाधिकारी सदस्य सचिव. महिला व बालविकासासाठी नियतव्ययाच्या (योजनेसाठी ठरवून दिलेल्या रकमेच्या) ३ टक्के राखून ठेवायचे असतात. बैठकीच्या इतिवृत्तात किती प्रस्ताव आले ते बघा. अनेक ठिकाणी निधी उरतो, कारण प्रस्तावच गेलेला नसतो.

माहिती मागायची कशी, कधी

महाराष्ट्रात माहिती अधिकाराचा अर्ज एका विषयापुरता आणि १५० शब्दांत बसवावा लागतो. १० रुपयांचे कोर्ट फी मुद्रांक पुरते, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क नाही. ‘का’ विचारू नका, कागद मागा. मजकूर साधारण असा:

‘आपल्या प्रकल्पातील पूरक पोषण आहार योजनेसंदर्भात १ एप्रिल ते ३१ मार्च या वर्षाची पुढील माहिती मिळावी. १) महिनानिहाय प्राप्त निधी व प्राप्तीचा दिनांक. २) महिनानिहाय खर्च. ३) महिनानिहाय नोंदणीकृत व प्रत्यक्ष लाभार्थी. ४) आहार पुरवठादार व बचत गटांची प्रलंबित देयके, महिना व रकमेसह. ५) वर्षअखेर समर्पित केलेल्या निधीच्या आदेशाची प्रत.’

वर्ष आणि प्रकल्पाचे नाव घालून जन माहिती अधिकाऱ्याला द्या, पोच घ्या. तीस दिवसांत उत्तर आले नाही, तर पुढच्या तीस दिवसांत प्रथम अपील, २० रुपयांच्या मुद्रांकासह. आहार, आरोग्य, शिक्षण असे तीन विषय एकाच अर्जात कोंबलेत, तर तो परत येण्याची शक्यता जास्त.

वेळ चुकली की चांगली मागणीही वर्षभर पडून राहते. गावाच्या विकास आराखड्याची मोहीम २ ऑक्टोबरपासून सुरू होते, मुलांच्या मागण्या त्याआधीच्या बालसभेत आणि महिला सभेत लिहून घ्याव्यात. विभाग आपले अंदाज शरद ऋतूपासून जमवू लागतात, जिल्हा योजनेचे आराखडे जानेवारीच्या आसपास राज्यस्तरावर जातात. मार्चमध्ये आमदारांना निवेदन देऊन त्या वर्षीची रक्कम क्वचितच बदलते. त्या वेळी त्यांच्याकडून तारांकित प्रश्न किंवा कपात सूचना मिळवता येते आणि विभागाला लेखी उत्तर द्यावे लागते. प्रश्न तयार करताना दर, मुले, दिवस आणि लेखाशीर्ष चारही आकडे त्यात घाला. ‘निधी अपुरा आहे हे खरे आहे काय’ असे विचारले, की ‘हे खरे नाही’ एवढ्यावर उत्तर संपते.